आठ वाजताचं रीडिंग

मी सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करतो. सव्वीस वर्षं झाली. लेथवरून उतरलेला दांडा हातात घ्यायचा, मायक्रोमीटर लावायचा, येईल तो आकडा चेकशीटवर लिहायचा आणि खाली सही करायची. सही केली म्हणजे हा माल मी स्वतः पाहिला, उद्या काही निघालं तर मला विचारा. या कामाची सवय माणसाच्या घरातही शिरते. गॅसचं सिलिंडर किती दिवस गेलं, टाकी किती मिनिटांत भरली, हे मला तोंडपाठ असतं. माझी बायको पाहुण्यांना सांगते, "यांना भाजी कशी झाली विचारा, हे सांगतील तीन पोळ्या झाल्या."

हे आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या या सवयीचा हात आहे. दुसऱ्या दोघींचाही आहे. मी कोणाचाच वाटा लपवणार नाही.

माझी मुलगी तेव्हा बावीस वर्षांची होती. एकुलती एक. कॉम्प्युटरची पदवी घेतली, कॉलेजमधूनच नोकरी लागली. काम घरून होतं. गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये तिच्या खोलीला आम्ही ऑफिस म्हणायला लागलो. "ऑफिसात चहा नेऊन दे" वगैरे. आठ महिन्यांनी कंपनीने तिच्या सगळ्या गटालाच नारळ दिला. ती म्हणाली, दुसरी शोधते. आम्ही म्हटलं, शोध, घाई नाही. आणि खोलीचं दार लागलं ते जेवणापुरतं उघडायला लागलं.

सुरुवातीला मला वाटलं, आळस. मग वाटलं, मोबाईलचं वेड, सगळ्याच पोरांना असतं. पण हळूहळू काही गोष्टी दिसायला लागल्या, ज्या आळसात बसत नव्हत्या. दिवसभर फोन हातात असलेल्या या मुलीला फोनची रिंग वाजलेली सहन होत नसे. मावशीचा फोन आला तरी चेहरा पांढरा पडायचा. रिंग थांबेपर्यंत ती स्क्रीनकडे बघत बसायची आणि मग मेसेज टाकायची, "कॉल केला होतास का? मी कामात होते." दोन-दोन दिवस आंघोळ नाही. बावन्न किलोची मुलगी शेहेचाळीसवर आली. एकदा ऑनलाइन मुलाखत होती. मी सुट्टीवर होतो, हॉलमध्ये पेपर वाचत होतो. आतून कोणीतरी विचारलेलं मला ऐकू आलं, स्वतःबद्दल थोडं सांगा. मग काहीच नाही. मग लॅपटॉप मिटल्याचा आवाज. ती बाथरूममध्ये गेली आणि पंचवीस मिनिटं नळ चालू ठेवून आत बसली.

बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "काय झालं?"

"नेट गेलं."

नेट गेलं नव्हतं. माझ्या फोनवर चालू होतं. मी पेपर पुन्हा उघडला.

त्यानंतरच्या रविवारी मी तिला समोर बसवलं. ओरडलो नाही, एवढं मी शपथेवर सांगेन. म्हटलं, रोज किती वेळ फोन बघतेस ते त्यातच कळतं ना, दाखव. तिने दाखवलं. आठवड्याची सरासरी नऊ तास चाळीस मिनिटं.

मी म्हटलं, "अगं, माझी पाळी आठ तासांची असते. तू रोज ओव्हरटाइम करतेस."

"मग द्या ना पगार," ती म्हणाली आणि हसली. बायकोही हसली. तिघं एकदम हसल्याचं मला पुढे बरेच दिवस आठवत नाही.

ठरलं ते असं. फोन काढून घ्यायचा नाही. सकाळी नऊ ते एक तो आईकडे कपाटात राहील. रोज संध्याकाळी आठ वाजता ती मला दिवसाचा आकडा दाखवेल, मी वहीत लिहीन. मी रकाने आखले: तारीख, एकूण वेळ, किती वेळा फोन उघडला, शेरा, तिची सही, माझी सही. बायको म्हणाली, "अहो, ती पोरगी आहे, कारखान्यातल्या मालाचा लॉट नाही." मी म्हटलं, मोजल्याशिवाय कमी कसं होणार? मुलगी म्हणाली, "राहू दे आई, मला चालेल." हे वाक्य मी नंतर खूपदा तपासून पाहिलं. मला चालेल, असंच म्हणाली होती.

पहिल्या दिवशी आठ तास दहा मिनिटं. तिसऱ्या दिवशी एकदम साडेपाच. पहिला आठवडा संपला तेव्हा सरासरी सहाच्या आत. मग पाच, मग साडेतीन. मधे कधी वीस मिनिटं वर, कधी दहा खाली. खरे आकडे जसे थोडे हलतात तसे हलत हलत ते उतरत होते. तीन महिने झाले तेव्हा दोन तासांच्या आत आले होते. नामपूरला चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं, दोन दिवस मी एकटाच गेलो, तेव्हा तिने आठच्या ठोक्याला स्क्रीनचा फोटो काढून पाठवला. मांडवात कांद्याच्या भावावर चर्चा चालली होती, त्यातून मी उठून बाजूला गेलो आणि तो फोटो मोठा करून पाहिला. एक तास पंचावन्न मिनिटं. चुलतभावाने विचारलं, काय रे, काय बघून एवढा खूश? मी त्याला सगळं सांगितलं. अभिमानाने सांगितलं.

फक्त त्यालाच सांगितलं असतं तरी ठीक होतं. सकाळी जॉगिंग ट्रॅकवर आमचा सात-आठ जणांचा गट असतो. तिथे तर मी पहिल्या आठवड्यातच सांगून बसलो होतो. ज्याच्या-त्याच्या घरात हेच. कोणाचा मुलगा एमपीएससीच्या नावाखाली दिवसभर गेम खेळतोय, कोणाची सून जेवतानाही फोन सोडत नाही. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, "सर, तुमचा तो तक्ता आम्हाला द्या की." मला आयुष्यात कोणी सर म्हटलं नव्हतं. मी कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर नीट फॉरमॅट तयार केला, झेरॉक्स काढल्या आणि तीन घरांना वाटल्या. ट्रॅकवर माझ्या बाजूने चालायला माणसं यायला लागली. "आज किती?" विचारायची. मी आकडा सांगायचो.

आकडा उतरत होता, पण मुलगी होती तशीच होती. हे मला दिसत नव्हतं असं नाही. शेहेचाळीस किलोची पंचेचाळीस झाली. डोळ्यांखाली काळं तसंच. समोर बसून बोलताना तिचा उजवा अंगठा तर्जनीवर सारखा सरकत असायचा, हातात काही नसलं तरी. पण मी विचार केला, सवय सुटतानाचा त्रास आहे, वेळ लागेल. शेऱ्याच्या रकान्यात मी "उत्तम" लिहीत राहिलो. दर गुरुवारी दुपारी मायलेकी बाहेर जायला लागल्या होत्या. बायकोच्या माहेरची एक मैत्रीण कॉलेज रोडला राहायला आली होती, तिच्याकडे जातो म्हणायच्या. मला बरं वाटलं. मी तेही लिहिलं: "बाहेर जाऊन आली."

सतरा आठवडे हे चाललं. एकशे एकोणीस दिवस. त्यातले नामपूरचे दोन सोडले तर एकशे सतरा सह्या माझ्या आहेत.

आमच्या कारखान्याची सुट्टी शनिवारी असते. त्या शनिवारी सकाळी इंटरनेट बंद पडलं. मी तक्रार केली आणि अकराच्या सुमारास केबलचा माणूस आला. माझ्याच वयाचा, चष्मा कपाळावर चढवलेला. त्याने राउटरची वायर बदलली, आपल्या मोबाईलवर काही उघडून पाहिलं आणि म्हणाला, "झालं साहेब. पाचही डिव्हाइस लागली."

मी म्हटलं, "चार."

"पाच दाखवतंय."

"माझा फोन, हिचा फोन, मुलीचा फोन आणि टीव्ही. लॅपटॉप बंद आहे. चार."

त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. पाचव्या ओळीत एका फोनच्या मॉडेलचं नाव होतं. मला ते लगेच ओळखू आलं, कारण तो फोन मीच घेतला होता. बायकोचा जुना फोन. कोपऱ्यात काच तडकलेला. दिवाळीत तिला नवा घेतला तेव्हा जुना धुणंभांडीवाल्या मावशींना द्यायचा ठरलं होतं.

माणूस गेला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. बायको कणीक मळत होती, मावशी मोरीत भांडी घासत होत्या.

मी विचारलं, "तुझा जुना फोन कुठे आहे गं?"

"दिला ना मावशींना," बायको म्हणाली. वर न बघता, सहज.

मावशींनी नळ बंद केला. "मला कवा दिला वो वहिनी? माझ्याकडं अजून बटणाचाच हाय."

 बायकोचे हात परातीत थांबले होते. मावशींच्या लक्षात आलं की आपण काहीतरी भलतंच बोलून बसलो. त्या म्हणाल्या, "दिला बी असंल. माझं लय ध्यानात राहत नाय." आणि नळ पुन्हा सोडला. परक्या बाईनेसुद्धा माझ्या घरात माझ्यासमोर खोटं बोलून बघितलं, आणि तेही बायकोला वाचवायला.

मी मुलीच्या खोलीचं दार ढकललं. ती पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. तिचा स्वतःचा फोन ठरल्याप्रमाणे आईच्या कपाटात होता, शिस्तीत. तडकलेल्या काचेचा तिच्या हातात होता. मला बघून तिने तो लपवलाही नाही.

आमच्या कामात एक युक्ती असते. नवे तपासनीस तिला फसतात, जुने फसत नाहीत. मशीनवरचा कामगार एक चांगला पीस बाजूला काढून ठेवतो. मापात अगदी चोख. तपासणीवाला आला की तोच पुढे करतो. तुम्ही मायक्रोमीटर लावता, आकडा बरोबर येतो, तुम्ही सही करता. आकडा खोटा नसतो. मोजमाप खोटं नसतं. फक्त ज्या पेटीवर तुम्ही सही करता, त्या पेटीत तो पीस नसतो. मी अशी किती माणसं पकडली असतील. नव्या पोरांना मी पहिल्याच दिवशी शिकवतो की समोर केलेला पीस कधी मोजायचा नाही, आपल्या हाताने पेटीतून उचलायचा. आणि माझ्या घरात सतरा आठवडे मला रोज तोच एक पीस दाखवला गेला, मी तो मोजला आणि खाली सही केली.

त्या दुपारी मावशी गेल्यावर आम्ही तिघं हॉलमध्ये बसलो. मी वही आणून मधे ठेवली. बायको म्हणाली, "ती आधी उचला तिथून. मग मी बोलते."

मी उचलली. मग ती बोलली.

तिसऱ्या दिवशीची गोष्ट. सकाळी नऊला फोन कपाटात गेला. दहाच्या पुढे मुलगी स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, आई, मला श्वास येत नाहीये. हात थंडगार, ओठ सुन्न, सगळं अंग कापतंय. ओकारी झाली. बायकोला वाटलं, हृदयाचं काही. रिक्षा करून जवळच्या दवाखान्यात नेलं. त्यांनी ईसीजी काढला, तो चांगला निघाला. डॉक्टर म्हणाले, हा भीतीचा झटका आहे, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. घरी आल्यावर मुलीने फोन मागितला, फक्त अर्धा तास. बायको म्हणाली, आठ वाजता बाबांना दिसेल. मुलगी रडायला लागली. तेव्हा बायकोने ड्रॉवरमधून जुना फोन काढून दिला.

"अर्ध्या तासासाठी दिला होता," बायको म्हणाली. "परत घ्यायला गेले की तिचा श्वास वर व्हायचा. मग मी घेणं सोडलं."

म्हणजे साडेपाचाचा तो पहिला आकडा, ज्याच्यावर मी लाल शाईने बरोबरची खूण केली होती, तो त्या दिवसाचा होता.

"आणि गुरुवार?" मी विचारलं.

"डॉक्टर," ती म्हणाली. "बारा वेळा गेलो. गोळ्या चालू आहेत. देवघराच्या खालच्या खणात आहेत."

मैत्रीण कॉलेज रोडला राहायला आलेली नव्हतीच.

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंत?"

बायको म्हणाली, "कधी सांगणार होते? तुम्ही पहिल्या आठवड्यातच ट्रॅकवर सांगून आलात. पंधरा दिवसांत झेरॉक्स वाटल्यात. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही गोळ्यांचाही तक्ता केला असतात."

"म्हणून तोंडावर खोटं बोलायचं? रोज? चार महिने?"

"मी कुठे बोलले? मी गप्प बसले."

"मघाशी बोललीस. मावशींसमोर."



मुलगी इतका वेळ खाली बघत होती. ती म्हणाली, "बाबा, दुसऱ्याच दिवशी सांगणार होते. तुम्ही वही उघडलीत, आकडा पाहिलात आणि शाब्बास म्हणालात. मग मला स्वतःच्या हाताने चहा करून दिलात. नोकरी गेल्यापासून मला कोणी शाब्बास म्हटलं नव्हतं." मग ती म्हणाली, "नंतर तर तुम्ही आठला पाच कमी असतानाच येऊन बसायचात. कसं सांगणार?"

मला त्या वेळी दया यायला हवी होती. आली नाही. माझ्या मनात एवढंच आलं की हिने माझा आनंद बघून मला फसवलं. मी म्हटलं, "शाब्बास त्या पोरीला होती जी खरं सांगत होती. तू नव्हतीस ती." हे बोललो, आणि मागे घेतलेलं नाही, म्हणून इथे लिहितो.

ती उठून आत गेली. बायको तिच्या मागे गेली. दार लागलं. हॉलमध्ये मी एकटा आणि टीव्ही.

त्यानंतर अकरा दिवस मी घरात कामापुरतं बोललो. राग कोणाचा जास्त होता, ते मी प्रामाणिकपणे शोधायचा प्रयत्न केला. मुलगी आजारी होती. आजारी माणूस ते करतं, हे मी समजू शकत होतो. पण बायको आजारी नव्हती. चोवीस वर्षांच्या संसारात तिने एक आजार, एक डॉक्टर, एक ईसीजी माझ्यापासून बाजूला ठेवला. माझ्या मुलीचं हृदय कसं चाललंय याचा कागद घरात आला आणि तो देवघराच्या खणात गेला. मी त्या देवघरासमोर रोज सकाळी हात जोडत होतो.

ट्रॅकवरच्या तीन घरांना सांगणं भाग होतं. चुकीचा माल गेला तर तो परत बोलवावा लागतो. मी निवृत्त गृहस्थांना बाजूला घेऊन सांगितलं की तक्ता बंद करा, आमच्याकडे आकडे खरे नव्हते.

ते म्हणाले, "म्हणजे? मुलगी खोटं बोलली?"

"दुसरा फोन होता."

ते दोन पावलं चालले, थांबले. "आमच्याकडे सुनेचा आकडा फार सुरेख उतरलाय हो," म्हणाले. मग ते माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागले की जणू तो दुसरा फोन मीच त्यांच्या घरात ठेवलाय. मी दोन आठवडे ट्रॅकवर गेलो नाही.

बाराव्या दिवशी गुरुवार होता. बायको म्हणाली, "डॉक्टरांनी तुम्हाला बोलावलंय." मी अर्धी रजा टाकून गेलो. डॉक्टर बाई पन्नाशीच्या, आवाज शांत. त्यांनी समजावून सांगितलं. मुलीला चिंतेचा आणि नैराश्याचा दोन्ही त्रास आहे. नोकरी गेल्याची लाज होती, ती झाकायला ती फोनमध्ये शिरली. तिथे दिवसभर वर्गातल्या मुलींचे नव्या शहरातले, नव्या ऑफिसातले फोटो दिसायचे, मग लाज आणखी वाढायची, मग आणखी फोन. हे एकदम तोडलं तर शरीर घाबरतं. हळूहळू घराबाहेर पडणं, एकटीने एखादं काम करणं, एखादा फोन घेणं, असं जायचं.

मी विचारलं, "साधारण किती दिवस लागतील?"

त्या म्हणाल्या, "आकडा मी देणार नाही."

मुलगी शेजारच्या खुर्चीवर होती. तिच्या तोंडाचा कोपरा किंचित हलला. तिला हसू आलं असावं. मला त्या दोघींचा राग आला. यांचं बारा गुरुवारांचं गूळपीठ होतं आणि मी आज पहिल्यांदा त्यात आलेला परका होतो.

तरी मी ठरलेलं सगळं केलं. जुना फोन काढून घेतला नाही. आठ वाजता तिच्या खोलीत जाणं बंद केलं. आठ ते नऊ हा तास मला फार मोठा वाटायला लागला. ती कधी संध्याकाळी माझ्याबरोबर भाजी आणायला खाली उतरायची, कधी दारापर्यंत येऊन परत जायची. परत गेली की मी एकटा जाऊन मेथी आणायचो. ती आज किती वेळ फोनवर होती हे मला माहीत नसे, आणि तिने सांगितलं असतं तरी मी मानलं नसतं. ही गोष्ट तिलाही माहीत होती. एकाच टेबलावर जेवताना आमच्यामध्ये हे बसलेलं असायचं.

दीड महिन्याने डॉक्टर म्हणाल्या, पुढच्या गुरुवारी तिने एकटीने यायचं. बसने. सकाळची वेळ दिली, साडेदहाची. बायकोने आदल्या दिवशी तिच्याबरोबर स्टॉपपर्यंत जाऊन बस दाखवली. गुरुवारी मी नेहमीसारखा कामावर गेलो.

दहा वाजून पन्नास मिनिटांनी माझा फोन वाजला. मुलगी. मेसेज नाही, कॉल. तिने मला शेवटचा कॉल कधी केला होता ते मला आठवेना. मी मशीनच्या आवाजातून बाहेर आलो.

"बाबा, मी गेले नाही."

"कुठे आहेस?"

"सीबीएसला, एसटी स्टँडवर. उलट्या दिशेच्या बसमध्ये चढले आणि इथे उतरले. बाकावर बसलेय. पाऊण तास झाला. नुसती स्क्रोल करत बसले." तिचा श्वास फोनमध्ये ऐकू येत होता. "आईला मेसेज टाकलाय. पोचले म्हणून."

मी घड्याळात पाहिलं.

"बाबा, येता का?"

मी गेटपास करून निघालो. सातपूरहून सीबीएसला यायला मला अठरा मिनिटं लागली. ती बाकावर, बॅग मांडीवर घेऊन बसलेली होती. शेजारी त्र्यंबकला जाणारं एक कुटुंब पिशव्या मोजत होतं. ती स्कूटरवर मागे बसली. मी विचारलं, "घरी की डॉक्टरांकडे?" ती म्हणाली, "डॉक्टरांकडे. पण तुम्ही आत येऊ नका."

डॉक्टर बाईंनी तिला उशिरा का होईना आत घेतलं. मी बाहेर बसलो. मला आनंद व्हायला हवा होता, की तिने मला खरं सांगितलं. पण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. तिने तासाभरापूर्वी आईला खोटं सांगितलं होतं. त्याच बोटांनी, त्याच बाकावरून. आज खरं माझ्या वाट्याला आलं, खोटं बायकोच्या. उद्या उलटही होईल. मुलगी बरी होईल असं मला वाटत होतं. पण तिच्या शब्दावर मी पुन्हा कधी डोळे मिटून सही करीन का, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. आवाजात किती दिवसांनी मोकळेपणा होता. "अहो, पोचली हो ती. दहा वाजून दहालाच मेसेज आला, वेळेच्या आधी. एकटी गेली! मी मघापासून फोन करणार होते, पण तुम्ही कामात असाल म्हणून थांबले. तुम्हाला केलाय का तिने मेसेज?"

मी समोरच्या बंद दाराकडे पाहिलं. घड्याळात अकरा पस्तीस झाले होते.

"आत आहे ती," मी म्हटलं.

"बघा, मी म्हणत नव्हते?" ती म्हणाली. तिला रडू येत होतं. मी म्हटलं, मी कामात आहे, नंतर बोलू, आणि फोन ठेवला.

घरी गेल्यावर सांगू असं ठरवलं होतं. घरी गेलो तेव्हा तिने शिरा केला होता. मुलीने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि ताट वाढायला घेतलं. मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. या गोष्टीला आता सात महिने झाले. मुलगी बरीच बरी आहे, बसने जाते, फोन घेते. बायकोला अजूनही वाटतं की त्या पहिल्या गुरुवारी ती एकटी, वेळेच्या आधी पोचली होती. हे लिहून झालं की मी तिला वाचायला देणार आहे.